रंगाआधीं वंशावळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा नातू किंवा पुतण्या हल्लीं परदेशीं असतो, व तो सुटींत आला म्हणजे त्याच्याबरोबर चार नवे प्रश्नही घरांत येतात. गेल्या डिसेंबरांत छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या औरंगपुऱ्यांतील घरीं असाच एक प्रश्न आला. आमचा पुतण्या अमेरिकेंत उत्तर कॅरोलिना राज्यांत असतो. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा महिनाभर आजीजवळ राहावयास आला, तो हातांत एक वही घेऊनच. वहींत सापांचीं चित्रें होतीं : कोणी तांबडा, कोणी करडा, कोणी पांढराशुभ्र. हे सारे एकाच जातीचे साप असून त्यांची जोडी पाळावी व पिलें काढावीं, असा त्याचा बेत होता. बापानें रुकार दिला होता. आईनें मात्र “आजीला विचार” एवढें सांगून निकालाचें काम सातासमुद्रापलीकडे लोटून दिलें होतें. एकत्र कुटुंबाचे कांहीं फायदे समुद्र ओलांडूनही टिकतात, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

आमच्या वहिनींनीं चित्रें शांतपणें पाहिलीं आणि विचारलें, “हे खातात काय?”

“उंदीर, आजी. गोठवलेले विकत मिळतात.”

“आणि ते ठेवणार कुठें? तुझ्या आईच्या लोणच्याशेजारीं?”

या एका प्रश्नावर दोन दिवस गेले. शेवटीं मोटारीच्या खोलींत वेगळें लहान शीतकपाट ठेवावें व त्याला कुलूप असावें, या अटीवर आजीची परवानगी मिळाली. मग मुलगा आमच्याकडे वळला. “आजोबा, रंग कोणता घेऊं?”

प्रश्न वरवर पोरकट खरा. परंतु कोणत्याही जिवाची पैदास करूं पाहणारा पहिल्याच पावलाला जेथें चुकतो, ती जागा नेमकी हीच आहे. म्हणून त्याचा विचार येथें थोडा विस्तारानें करीत आहों.

या सापाला इंग्रजींत ‘कॉर्न स्नेक’, म्हणजे मक्याचा साप म्हणतात. त्याच्या पोटावरील चौकटी मक्याच्या रंगीत दाण्यांसारख्या दिसतात. तो मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागांतला. आपल्या धामणीसारखाच बिनविषारी व उंदरांवर जगणारा. (धामण मात्र आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित आहे, ती पाळण्याचा मोह कोणीं धरूं नये.) त्याचा स्वाभाविक रंग नारिंगी-तपकिरी असून अंगावर काळ्या किनारीचे तांबडे ठिपके असतात. 1953 सालीं उत्तर कॅरोलिनांतच असा एक साप सांपडला कीं, ज्याच्या अंगांत काळें रंगद्रव्य मुळींच नव्हतें. डॉ. बर्नार्ड बेक्टेल नांवाच्या त्वचारोगतज्ज्ञांनीं त्याच्यापासून संतति वाढविली आणि हा रंग पिढींतून पिढींत कसा उतरतो, तें 1962 सालीं प्रसिद्ध केलें. आज दिसणाऱ्या रंगांच्या बाजाराची सुरुवात ती. पुढें 2015 सालीं जिनिव्हा येथील संशोधकांनीं या रंगास कारण होणारा जनुकांतील बिघाडही शोधून काढला.

त्याचें मर्म असें : प्रत्येक जिवाजवळ एकेका गुणाच्या दोन सूचना असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. काळें रंगद्रव्य बनविण्याची एक सूचना जरी शाबूत असली, तरी साप साधाच दिसतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच काळा रंग नाहींसा होऊन तांबूस साप निपजतो. म्हणजे ज्याच्याजवळ एक सूचना बिघडलेली आहे, तो दिसण्यांत साधा, पण पोटांत गुपित बाळगणारा. ‘खाण तशी माती’ ही म्हण येथें अपुरी पडते. कारण दोन साध्या सापांच्या पोटीं तांबूस पिलूं निपजूं शकतें, आणि तांबूस व शुद्ध साधा यांची जोडी लावली तर एकही पिलूं तांबूस निघत नाहीं, मात्र प्रत्येक पिलूं गुपित वाहतें.

करडा साप याच्या उलट : त्याचें तांबडें रंगद्रव्य गेलेलें, काळें राहिलेलें. दोन्ही गेलीं म्हणजे पांढरा-गुलाबी साप होतो, त्यास ते लोक ‘स्नो’ म्हणजे बर्फ म्हणतात. आतां दोन्ही गुपितें बाळगणारी साधी जोडी घेतली, तर तिच्या संततीचा हिशेब आमच्या पिढीच्या नाण्यांत नेमका बसतो. सोळा आण्यांपैकीं नऊ आणे पिलें साधीं, तीन आणे तांबूस, तीन आणे करडीं आणि एकच आणा पांढरीं. हें अर्थात् सरासरीचें माप. मादी एका वेळीं बहुधा दहा-वीस अंडीं घालते. त्यांत पांढरें पिलूं एखादें निघेल, किंवा निघणारही नाहीं.

“मग तो एक आणा वाढवायचा कसा?” मुलानें विचारलें. त्याच्या वहींत उत्तर लिहिलेलें होतेंच : भावाची जोडी बहिणीशीं, बापाची मुलीशीं. असें केलें कीं रंग लवकर हातीं येतो. आम्ही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याला मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या सिद्धार्थ उद्यानांत घेऊन गेलों. बरोबर आमची धाकटी बहीण होती. तिला जन्मापासून ऐकूं येत नाहीं. ती ओठ वाचते आणि बाकीचें लिहून सांगते.

महानगरपालिकेच्या या उद्यानांतील वाघ हा आमच्या शहराचा कौतुकाचा विषय आहे. 2023 च्या सप्टेंबरांत अर्पिता वाघिणीला तीन बछडे झाले, तेव्हां त्यांचीं नांवें काय ठेवावीं याची चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत गेली होती. त्यांतही गर्दी असते ती पांढऱ्या वाघापुढें. मुलगाही तेथेंच खिळून राहिला. मग कठड्याला टेकून आम्हीं त्याला मोहनची गोष्ट सांगितली.

27 मे 1951 रोजीं रेव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनीं जंगलांतून एक पांढरा बछडा धरून आणला. त्याचें नांव मोहन. गोविंदगडच्या वाड्यांत त्याला वाढविलें आणि बेगम नांवाच्या पिवळ्या वाघिणीशीं त्याची जोडी लावली. बछडे झाले ते सगळे पिवळे. पुढें मोहनची जोडी त्याच्याच मुलीशीं, राधेशीं, लावण्यांत आली. आणि 1958 सालीं चार पांढरे बछडे जन्मले : राजा, राणी, मोहिनी व सुकेशी. मोहिनी 1960 सालीं वॉशिंग्टनला गेली. आज बंदिवासांत असलेल्या बहुतेक पांढऱ्या वाघांची वंशावळ मोहनपर्यंत जाऊन पोंचते. 2013 सालीं चिनी संशोधकांनीं या रंगाचें मूळही एकाच जनुकांतील एका बारीक फरकांत दाखवून दिलें.

मुलगा हुशार, त्यानें लगेच ताडलें. “म्हणजे बेगमच्या मुलांच्या अंगांत पांढरा रंग होता, पण दिसत नव्हता.”

तेवढेंच असतें तर बरें होतें. ज्या मार्गानें रंग बाहेर काढला, त्याच मार्गानें इतर दडलेले दोषही बाहेर आले. नात्यांतल्या नात्यांत जोड्या लावल्यानें पांढऱ्या वाघांत व्यंगें व बालमृत्यु यांचें प्रमाण वाढलें. शिवाय या रंगाबरोबरच कित्येकांना तिरळेपणा येतो. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या कांहीं तंतूंची वाटच चुकते. अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनें 2011 सालीं, केवळ दुर्मिळ रंगासाठीं अशी पैदास करूं नये, असें धोरण जाहीर केलें.

प्रत्येक रंग म्हणजे रोग, असा याचा अर्थ नव्हे. तांबूस व करडे साप सामान्यतः निरोगी असतात. परंतु ‘सनकिस्ड’ नांवाच्या रंगाच्या कांहीं घराण्यांत एक मज्जाविकार सुप्तपणें वाहत आला आहे. ज्या पिलांत तो प्रकट होतो त्यांचें डोकें ताळ्यावर राहत नाहीं, तीं आकाशाकडे मान वळवून उलटीं पडतात. आई-बाप दोघेही पाहावयास सुंदर आणि धडधाकट. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें!

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मुलानें विचारलें, “आजोबा, आपल्या घराची अशी वंशावळ आहे का?” देवघराच्या कपाटांतून आम्हीं ती काढली. तो बोटानें नांवें वाचीत खालीं आला आणि आमच्या आई-वडिलांपाशीं थांबला. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. देशस्थांत ही चाल जुनी. बापाकडून सात व आईकडून पांच पिढ्या टाळाव्यात असें सांगणाऱ्या शास्त्रालाही आमच्या घरांनीं येथें वळसा घातला होता. मुलानें मान वर करून आमच्या बहिणीकडे पाहिलें. विचारलें कांहीं नाहीं.

उत्तर आम्हींच दिलें. आमचे आई-वडील दोघेही उत्तम ऐकत. जन्मजात बहिरेपणाचीं कारणें अनेक असतात, आणि मामेबहिणीशीं लग्न झालें म्हणजे असें मूल होतेंच असेंही नाहीं. असल्या हजारों लग्नांतून निरोगी मुलें झालीं आहेत. पण एकाच आजोबांकडून आलेलें एखादें गुपित दोन्ही बाजूंनीं एकत्र येण्याचा संभव अशा लग्नांत वाढतो, आणि आमच्या घरीं बहुधा तेंच घडलें असावें. त्या काळीं हें कोणाला ठाऊक नव्हतें. आमच्या आजीनें निदान करून टाकलें होतें : सुनेनें ग्रहणांत विळी हातीं धरली. आईनें तें ऐकून घेतलें, आणि मरेपर्यंत खरें मानलें.

आमची बहीण आमचे ओठ वाचीत होती. तिनें मुलाच्या हातांतली पेन्सिल घेतली आणि त्याच्या वहीच्या कडेला लिहिलें, “आईला हें कुणीं सांगायला हवें होतें.”

वाचकहो, साप, पोपट, मांजर कांहींही असो, घरांतलीं मुलें पैदास करावयाची म्हणतील तेव्हां त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. दडलेला गुण वाहणें हा कोणाचाच दोष नाहीं. परंतु न विचारतां जोडी लावणें हा दोष आहे. म्हणून रंग शेवटीं निवडावा. आधीं विक्रेत्यास आई-बाप कोण, त्यांचें नातें काय, मागील वेतांतील पिलें जगलीं कीं नाहींत, हें विचारावें. सांगत नसेल तर कितीही देखणा जीव असला तरी हात मागें घ्यावा. नर व मादी दोन निराळ्या घराण्यांतले घ्यावेत, व त्यांतला एक साध्या रंगाचा असल्यास उत्तमच. आरंभीं एकाच रंगाचा नाद धरावा. मादी निदान तीन वर्षांची झाल्याखेरीज जोडी लावूं नये. आणि अंड्यांतून पिलें निघावयास सुमारें दोन महिने लागतात, तीं पुढें पंधरा-वीस वर्षें जगतात. तेव्हां तितक्या पिलांना घरें कोठें मिळतील, हें जोडी लावण्याआधीं मोजावें.

परवां मुलाचें पत्र आलें. त्यानें दोन गांवच्या दोन माणसांकडून दोन पिलें घेतलीं : नर तांबूस, मादी अगदीं साधी. पहिल्या वेतांत बहुधा एकही रंगीत पिलूं निघणार नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक आहे, आणि त्या वेताला अजून दोन-तीन वर्षें अवकाश आहे. रंगांची यादी त्यानें वहीच्या शेवटच्या पानावर नेली असून पहिल्या पानावर दोन्ही सापांचे आजे-पणजे मांडले आहेत. वहिनींना त्यांत विशेष रस नाहीं. दर रविवारीं दूरध्वनीवर त्या एवढेंच विचारतात, “कुलूप लावतोस ना रे?”