हत्तीरोगाच्या सुजेआड दडणारा दुर्मीळ कर्करोग

वाराणसी : लसिकावाहिन्यांच्या सर्वच गाठी घातक नसतात. लहान मुलांच्या मानेवर वा काखेत दिसणारी ‘सिस्टिक हायग्रोमा’ ही गाठ कर्करोगाची नसते आणि इंजेक्शनने किंवा शस्त्रक्रियेने तिच्यावर उपचार होऊ शकतात. मात्र वर्षानुवर्षे सुजलेल्या हातापायात क्वचित उद्भवणारा ‘लिम्फँजिओसार्कोमा’ जीवघेणा ठरतो. स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या सहा महिलांमध्ये आढळलेल्या या विकाराचे वर्णन अमेरिकी डॉक्टर स्टुअर्ट आणि ट्रीव्हज यांनी 1948 मध्ये केले. हत्तीरोगाने सुजलेल्या पायातही तो झाल्याच्या नोंदी आहेत.

पूर्व उत्तर प्रदेशासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण हा भाग हत्तीरोगग्रस्त आहे. तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम 2019 च्या सुरुवातीस ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम राबविली गेली, त्यांत नागपूरप्रमाणेच वाराणसीचाही समावेश होता. हत्तीरोग निर्मूलनासाठी देशाने 2027 चे लक्ष्य ठेवले आहे. परंतु संसर्ग थांबला तरी आधीच सुजलेले पाय पूर्ववत होत नाहीत. अशा बहुसंख्य रुग्णांना हा कर्करोग कधीच होत नाही. मात्र ज्याला होतो, त्याचे निदान लांबण्याची भीती मोठी असते.

याचे कारण लक्षणांतच आहे. मुका मार लागल्यासारखा जांभळा डाग, लालसर गाठ किंवा न भरणारी जखम ही नेहमीच्या सुजेचाच भाग समजली जाते. लवकर निदान झाल्यास बाधित भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. उशीर झाल्यास हात वा पाय गमावण्याची वेळ येते आणि रोग फुफ्फुसांपर्यंत पसरू शकतो.

वाराणसीत उपचारकेंद्रे आहेत. टाटा स्मारक केंद्राची महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र आणि होमी भाभा कर्करोग रुग्णालय ही दोन रुग्णालये फेब्रुवारी 2019 मध्ये लोकार्पित झाली. प्रश्न आहे तो गावातून तेथवर पोहोचण्याचा. हत्तीरोग कार्यक्रमात सुजेच्या रुग्णांच्या याद्या तयार होतात आणि पायांची निगा कशी राखावी, हे त्यांना शिकविले जाते. त्याच भेटीत ‘त्वचेवर नवा डाग वा गाठ आली आहे का?’ हा प्रश्न विचारून संशयिताला बायोप्सीसाठी पाठविणे शक्य आहे. त्यासाठी नवी योजना नको. हाती असलेल्या यादीचा पुरता उपयोग हवा.