लाकडी प्रोपेलरची किंमत आणि निजामाची विमाने

जुन्या विमानांचे लाकडी प्रोपेलर आज जुन्या वस्तूंच्या बाजारात दिवाणखान्याची शोभा म्हणून विकले जातात. घासूनपुसून चकाकी आणायची, मधोमध घड्याळ बसवायचे आणि भाव वाढवायचा. हिंगोलीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. माझ्या मते तो तसा नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंगोली हा निजामाच्या परभणी जिल्ह्यातला तालुका होता. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी म्हणून गावाची ओळख तेव्हा ताजीच होती. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी डीएच-९ए विमानांची देणगी दिली. विमानांच्या अंगावर दात्याचे नाव रंगवलेले असे आणि स्क्वाड्रनलाही 'हैदराबाद' हे नाव मिळाले. सप्टेंबर १९१८ पासून ही विमाने फ्रान्समधून जर्मनीवर बॉम्ब टाकू लागली. त्यांतले एफ-१०१० हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती पडले, बर्लिनच्या संग्रहात गेले, पुढे पोलंडमध्ये पोहोचले आणि १९७७ साली एका स्पिटफायरच्या बदल्यात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे आले.

या देणगीचे वर्णन सहसा 'निजामाचे औदार्य' अशा शब्दांत होते. मला हा शब्दप्रयोग अपुरा वाटतो. पैसा दिवाणीचा असो वा सर्फ-ए-खासचा, राज्याच्या संपत्तीचा मोठा झरा जमीन महसुलातूनच वाहत होता. तो हाली शिक्क्यात भरणाऱ्यांमध्ये मराठवाड्याचा कुणबीही होता, आणि १९१८ हे साल दख्खनेत अवर्षणाचे व इन्फ्लुएन्झाचे. दात्याच्या नावामागे त्याची रयतही वाचावी, एवढाच माझा आग्रह.

आता प्रोपेलरकडे वळू. एखादा विक्रेता 'हा निजामाच्या विमानाचा' असे सांगू लागला, तर काय पाहावे?

अस्सल प्रोपेलर एका ओंडक्यातून कोरलेला नसतो. महोगनी किंवा अक्रोडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून मग त्याला आकार दिलेला असतो, म्हणून पात्याच्या वळणावर थरांच्या रेषा नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उमटतात. सलग लाकडावर नुसता रंग चढवलेला दिसला, तर तिथेच संशय घ्यावा. टोकाला पितळी पत्रा असेल तर त्यात बारीक छिद्रे शोधावीत. आत मुरलेले पाणी फिरताना बाहेर पडावे म्हणून ती ठेवलेली असत.

पण खरी साक्ष मध्यभागी, बैलगाडीच्या चाकाला जिथे तुंबा असतो तशा जागी असते. तिथे इंजिनाचे नाव व अश्वशक्ती, आरेखन क्रमांक, व्यास, पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः जेवढे अंतर पुढे सरकेल ते) आणि तपासनिसाची मोहोर ठोकलेली असते. डीएच-९एला ४०० अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन होते. ते नाव सापडले तरी घाई करू नये. तेच इंजिन इतर विमानांतही होते, डीएच-९ए विमाने शेकड्यांनी बनली आणि प्रोपेलर तर वरचेवर बदलले जात. हैदराबादचे नाव विमानाच्या अंगावर होते. म्हणून अशा दाव्याला कागद हवा: हस्तांतराची नोंद, जुने छायाचित्र, पावती. कागद नसेल, तर त्या कथेचा वेगळा भाव देऊ नये.

घड्याळासाठी मध्यभाग कोरणे किंवा वाळूकागदाने घासणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते. त्यात ठशांचा नाश होतो, आणि ठसे गेले की जाणकार संग्राहकही हात आखडता घेतो. रंग उडालेला, ओरखडे पडलेला, पण ठसे शाबूत असलेला प्रोपेलर मी चकचकीत प्रोपेलरच्या कितीतरी वर ठेवीन.

आणखी एक गोष्ट. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांपूर्वीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ चा प्रोपेलर भारतात कुणाच्या माळ्यावर निघाला, तर तो आता या वयात बसतो. परदेशातला भाव ऐकून हुरळण्याआधी त्याच्या मध्यभागाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि ते पुरातत्त्व खात्याला दाखवावे.