छायाचित्र पाहिले, पण माणूस दिसला काय?

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि देशभरचे पुढारी कोरा करकरीत झाडू घेऊन कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. पण जो माणूस रोज पहाटे झाडू हाती घेतो, तो त्या चौकटीत कोठे होता?

तो दिसतो मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांच्या कृष्णधवल छायाचित्रांत. महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे वावरून त्यांनी गटारात उतरलेली, कचऱ्यात राबणारी माणसे टिपली. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. छायाचित्रकाराचा गौरव झाला, याचा आनंदच आहे. पण छायाचित्रातल्या माणसाच्या पदरात काय पडले?

सरकारी कागद या छायाचित्रांशेजारी ठेवून पाहा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. २०१३ साली आणखी एक झाला. तरीही माणसे गटारात गुदमरून मरतच राहिली. २०२१ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले, हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही! कारण गटारातले मरण कागदोपत्री 'धोकादायक सफाई' या वेगळ्या रकान्यात जाते. रकाना बदलला की प्रेत नाहीसे होते. छायाचित्राला ही सोय नाही. त्यात गटारही दिसते आणि त्यात उतरलेला माणूसही. म्हणून ही छायाचित्रे केवळ कला नव्हे, तो पुरावा आहे.

परंतु हा पुरावा प्रदर्शनाच्या दालनात अडकून पडला तर? तेथे हळहळणारा रसिक आणि रस्त्यात नाक दाबून पुढे जाणारा नागरिक बहुधा एकच असतो. हळहळीने त्याचे मन हलके होते. कामगाराच्या डोक्यावरचा भार तसाच राहतो. जात ही कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. त्या उतरंडीला दयेने तडा जात नाही.

तडा कशाने जातो? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. तो कोणाच्या हळहळीने नव्हे, कामगार संघटनेच्या प्रदीर्घ लढ्याने मिळाला.

तेव्हा चळवळीने ही छायाचित्रे वस्तीत, विहारात, वाचनालयात न्यावीत आणि प्रत्येक छायाचित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात : कामगाराचा पगार, कंत्राटदाराचे नाव आणि कायद्याचे कलम. मग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत नुसते पाणी येणार नाही. त्याच्या तोंडी प्रश्न येईल. सत्तेला भीती वाटते ती त्या प्रश्नाचीच!