माळावर जायचे तर विचारायला जाऊ



जिल्हा बैठकीपुढे एक सूचना आहे. उत्तर सोलापूरच्या माळापासून कर्नाटकाच्या शिवेपर्यंत तीन दिवसांचा दौरा काढावा. सूचना आम्हाला मान्य आहे. पण जायचे कशाला, हे आधी ठरले पाहिजे. या माळाला पाहुण्यांची वाण कधीच नव्हती. पक्षी बघणारे आले, हुरडा खाणारे आले, निवडणुकीत हात जोडणारेही आले. माळावर राहणाऱ्याला दोन प्रश्न विचारून त्याचे उत्तर ऐकून घेणारे मात्र फार थोडे आले.

या मुलखावर नकाशातल्या दोन रेघा आहेत. दोन्ही रेघा इथे न राहणाऱ्यांनी ओढल्या.

पहिली रेघ अभयारण्याची. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळावर माळढोक आहे, हे सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात लोकांपुढे आणले. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गवताचा माळ मूठभर. बाकी सारी गावे, बाजारपेठा, विहिरी आणि शेतकऱ्यांचे सातबारे. जमीन विकायची म्हटले की अडचण, बिगरशेती करायची म्हटले की अडचण. ही रेघ आवळून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. एवढे करून पक्षी वाचला म्हणावे, तर अलीकडच्या वर्षांत नान्नजला एखाद-दुसऱ्या माळढोकाचीच नोंद होते. शेतकरी अडला आणि पक्षीही गेला.

माळढोक आमचा वैरी कधीच नव्हता. ज्वारी, करडई, हरभऱ्याच्या जिराईत रानात तो नाकतोडे आणि किडे वेचीत फिरे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला मोकळे गवत लागते. सरकारने मात्र मोकळा माळ दिसला की त्यावर झाडे लावली. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात असे कितीतरी माळ आजही 'पडीक' म्हणूनच रंगवलेले आहेत. पवन्या आणि मारवेल जिथे वाढते, ज्यावर धनगराची मेंढरे जगतात, त्या रानाला पडीक म्हणणाऱ्याने मेंढपाळाला कधी विचारले होते काय?

दुसरी बाजूही बघा. ज्या नान्नजला जग माळढोकासाठी ओळखते, त्याच नान्नजने द्राक्षबागाईतदारांना सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण दिले. नानासाहेब काळे यांच्यासारख्या शेतकऱ्याने ते बागेत निरखून निवडले. ज्याला पाणी मिळाले त्याने द्राक्ष लावले, यात त्याचा गुन्हा कोणता? पक्ष्यासाठी त्याने जिराईतच करावे अशी कुणाची इच्छा असेल, तर जिराईत परवडेल असा भाव त्याने द्यावा. काळवीट, लांडगा, माळढोक ही साऱ्या देशाची ठेव असेल, तर तिच्या राखणीचा खर्चही साऱ्या देशाने उचलला पाहिजे. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर तो घालणे ही लूट आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि दौरा काढायचा तो याचाच हिशेब गोळा करण्यासाठी.

दुसरी रेघ राज्याची. १९५६ साली ती पडली. १९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापुरातली काही गावे पलीकडे द्यावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती मानली नाही. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तोच दावा पुन्हा काढला. तेव्हा जत आणि अक्कलकोट तालुक्यांतली काही गावे म्हणाली की रस्ता-पाणी मिळत नसेल तर आम्ही पलीकडे जातो. मुंबईत त्यावर अस्मितेची भाषणे झाली. पण त्या गावांचे भांडण भाषेचे नव्हतेच. घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारा माणूस या शिवेवर दोन्ही भाषांत सुखाने नांदतो. सीना-भीमेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांमागे मराठी जिथे दगडावर कोरली गेली, तो मुलूख आज राज्याचे शेवटचे टोक झाला आहे. टोकाला पाणी पोचत नाही, हे कालव्याखालच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तेव्हा दौऱ्याची आखणी अशी व्हावी, असे आम्ही सुचवतो.

जायचे ते पौषात, ज्वारी उभी असताना. पावसाळा हा माळढोकाच्या विणीचा हंगाम, तेव्हा गवतात पाय घालू नये. पहिली रात्र नान्नजच्या आसपास, विश्रामगृहात नव्हे तर राखणीच्या माळ्यावर काढायची. काळवीट आणि रानडुक्कर पिकात शिरते ते अंधारात. दिवसा जाऊन नुकसान कळत नाही. दुसरा दिवस मेंढपाळांच्या वाड्यांवर, तिसरा अक्कलकोटच्या शिवेवरच्या गावांत आणि कुडलला.

सत्कार नकोत, हार नकोत, गाड्यांचा ताफा नको. प्रत्येक तालुक्यातून दोघे, त्यात एक बाई असलीच पाहिजे. पाणी कोण वाहते हे बाईच विचारील. ज्याच्या घरी भाकरी खाऊ त्याला तिचे पैसे द्यायचे. कानडी बोलणारा एक कार्यकर्ता सोबत हवा.

आणि वहीत चार प्रश्न लिहून घ्या. हंगामात किती रात्री जागून काढल्या? भरपाईचा अर्ज केला तर हेलपाटे किती आणि पैसे किती? चराईचे कोणते रान गेल्या वीस वर्षांत बंद झाले? दवाखाना, शाळा आणि बाजार रेघेच्या अलीकडे जवळ की पलीकडे?

उत्तरे माणसागणिक, गावागणिक मांडली तर त्यातून मागणीपत्र आपोआप तयार होईल. ते पुढच्या जिल्हा बैठकीत वाचले जावे, आणि ज्यांनी उत्तरे दिली त्यांनीच ते वाचावे. त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च बैठकीने करावा.