वीसच्या आतले कामगार
10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चिवट लढ्यामुळे. त्याच मुंबईत राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कामाचे तास वाढवायला मान्यता दिली. कारखान्यात दिवसाला 9 ऐवजी 12, दुकाने-आस्थापनांत 9 ऐवजी 10.

आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मजुरी कायम आहे, हे खरे. पण बारा तासांच्या पाळीला कर्जत-विरारचा लोकलप्रवास जोडला, की घरी उरते ती फक्त झोप.

त्याहून गंभीर बाब वेगळीच. 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने दहा कामगारांच्या दुकानातही साप्ताहिक सुट्टी, वर्षाला 8 किरकोळ रजा, 8 भरपगारी सणसुट्ट्या आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती देणे मालकावर बंधनकारक केले. आता हा कायदा लागू होण्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली आहे. कापडाची, औषधांची, मिठाईची कितीतरी दुकाने बारा-पंधरा जणांवर चालतात. तिथे दिवसभर उभ्या असलेल्या मुलीने आजारी आईसाठी रजा मागायची ती कशाच्या आधारावर? मालकाच्या मर्जीवर?

छोट्या दुकानदाराची कागदपत्रे जरूर कमी करावीत. रजा, सुट्टी आणि विश्रांतीची कलमे मात्र सरकारने त्याच्याही दुकानाला लागू ठेवलीच पाहिजेत.