उघड्या दाराची वर्दी

ऑगस्ट २०२१. चेन्नईच्या तांबरम भागातला बारावीत शिकणारा एक मुलगा रेल्वेचे तिकीट काढण्यासाठी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर गेला. तिथे त्याच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. व्यवहाराचा क्रमांक बदलला की पडद्यावर भलत्याच कुणाचे तिकीट उघडत होते! प्रवाशाचे नाव, वय, पीएनआर, गाडी, आसन, सारे काही. ते तिकीट परस्पर रद्द करणेसुद्धा शक्य होते. लाखो प्रवाशांच्या घराची किल्ली जणू रस्त्यावर पडलेली!

मुलाने ही गोष्ट ‘सर्ट-इन’ला कळवली. संगणक सुरक्षेचे काम पाहणारी ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून कार्यरत आहे. पाचेक दिवसांत ती त्रुटी दुरुस्त झाली.

गोष्ट गोड झाली. पण प्रत्येक वेळी ती अशीच संपेल याची खात्री कोण देणार? २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार दुसऱ्याच्या संगणकात मालकाच्या परवानगीवाचून शिरले तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच काम अप्रामाणिक हेतूने केले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू महत्त्वाचा, हे खरे. पण हेतू मनात असतो आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला दिसतो तो संगणकावर उमटलेला माग. ‘दार उघडे आहे’ असे सांगायला गेलेल्यालाच ‘तू दारापाशी काय करत होतास?’ असे विचारले जाण्याची भीती असते.

मग मनात सहज येते, की नाव न घालता कळवून टाकावे. आपल्याकडे निनावी पत्राची परंपरा काही नवी नाही. कचेरीतली लाचखोरी अशा पत्रांनी उघडकीला आली आहे आणि सरळमार्गी माणसांच्या बदल्याही अशाच पत्रांनी झाल्या आहेत. निनावी पत्राची हीच अडचण आहे. ते लिहिणारा हितचिंतक की हितशत्रू, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आणि उलट प्रश्न विचारायची सोय नसते.

हा उलट प्रश्न किती मोलाचा असतो, हे चेन्नईच्याच लक्ष्मण मुथय्या या संगणक सुरक्षा संशोधकाच्या अनुभवावरून कळते. २०१९ मध्ये त्यांना इन्स्टाग्राममध्ये एक दोष सापडला. पासवर्ड विसरलेल्याला सहा आकडी संकेतांक पाठवला जातो आणि तो दहा मिनिटे चालतो. सहा आकड्यांचे संकेतांक होतात दहा लाख. हजारो वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून एकाच वेळी प्रयत्न केला, तर ते सगळे तपासून कुणाचेही खाते ताब्यात घेता येईल, असे त्यांनी दाखवले. कंपनीच्या तज्ज्ञांना पहिल्या पत्रावरून ते पटलेच नाही. पत्रव्यवहार झाला, चित्रफीत पाठवली, तेव्हा कुठे खात्री झाली. दोष दूर झाला आणि मुथय्यांना ३० हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. त्यानंतरच त्यांनी तो जगजाहीर केला. पहिले पत्र निनावी असते, तर कदाचित ते केराच्या टोपलीत गेले असते.

पण नाव दिल्याची किंमतही या देशाने पाहिली आहे. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला. नाव गुप्त ठेवावे, अशी विनंतीही केली. ते गुप्त राहिले नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. पुढे २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्तपणे तक्रार करण्याची सोय झाली. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षे रखडली. या दोन्हींत एक अट समान आहे: तक्रारदाराने आपली ओळख द्यायला हवी. निनावी तक्रारीला तिथे थारा नाही.

म्हणजे ‘निनावी’ आणि ‘गोपनीय’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. निनावी माणसाला कुणीच ओळखत नाही. गोपनीय माणसाला एकजण ओळखतो आणि तोंड बंद ठेवतो. सारी भिस्त त्या एकावर!

हे तोंड बंद ठेवणे सोपे नसते. फेब्रुवारी २०१० मध्ये एका अज्ञात व्यक्तीने हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद यांना अभ्यासासाठी मतदान यंत्र दिले. त्यात फेरफार करता येतो, असे त्यांनी परदेशी सहकाऱ्यांसह दाखवले. निवडणूक आयोगाने ते मान्य केले नाही. यंत्र मुंबईच्या सरकारी कोठारातले निघाले. ऑगस्टमध्ये हरिप्रसादांना अटक झाली. यंत्र कुणी दिले, हे त्यांनी सांगितले नाही. आठवडाभराने जामीन मिळाला. सरकारी वस्तू परवानगीवाचून बाहेर नेणे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण दिलेला शब्द पाळण्यासाठी एकाला कोठडी सोसावी लागली, हे विसरता येत नाही.

आता घरोघरी संगणक आणि मोबाइल हाताळणारी हुशार मुले आहेत. उद्या तुमच्याच मुलाने ‘बाबा, हे बघा’ म्हणत असे काही दाखवले, तर त्याला रागावू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. चार गोष्टी समजावून सांगा. दोष दिसला की तिथेच थांबावे, आत हिंडू नये. दुसऱ्याची माहिती उतरवून ठेवू नये. आधी संबंधित संस्थेला किंवा सर्ट-इनला कळवावे, पत्रव्यवहार जपून ठेवावा आणि दुरुस्तीला वेळ द्यावा. जगात साधारण ९० दिवसांचा प्रघात आहे. आणि ‘पैसे द्या, नाहीतर जाहीर करतो’ असे चुकूनही म्हणू नये. त्या क्षणी उपकाराची खंडणी होते.

संस्थांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यवहारात ठीक असेल. लोकांची माहिती जिच्या हाती आहे, तिने मूठ झाकून चालत नाही. वर्दी देणाऱ्याला धाक दाखवला, तर तो पुढच्या वेळी गप्प बसेल. चोर मात्र वर्दी देऊन येत नाही.