आधी काय, मागाहून काय

गोष्टीखालील स्वाध्यायात पुष्कळदा एक प्रश्न असतो: ‘पुढील वाक्ये योग्य क्रमाने लावा.’ मुले तो घाईघाईने सोडवतात. वाक्यांपुढे आकडे घातले, की काम संपले! हा प्रश्न केवळ गुण मिळवून देण्यापुरता आहे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत बरोबर नव्हे. कोणती घटना आधी घडली व कोणती मागाहून, हे ज्याला नीट उमगले नाही, त्याला गोष्टीतील माणसांचा न्याय करता येत नाही.

पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील मुंगसाची कथा पाहावी. एका ब्राह्मणाच्या घरी तान्हे बाळ होते आणि बाळाबरोबरच वाढवलेले एक मुंगूसही होते. ब्राह्मणाच्या पत्नीची मुंगसावर माया होती. परंतु हे जनावर कधी तरी बाळाला इजा करील, ही शंकाही तिच्या मनात घर करून राहिली होती. एके दिवशी बाळाला पतीच्या स्वाधीन करून ती पाण्याला गेली. काही वेळाने तोही भिक्षेसाठी बाहेर पडला. (त्याचे हे जाणे वाचक बहुधा विसरतात; सारा दोष त्या बाईच्याच माथी मारतात.) इतक्यात बिळातून एक साप निघाला आणि बाळाकडे सरकू लागला. मुंगसाने झडप घालून त्याचे तुकडे तुकडे केले, आणि ती परत येताना दिसताच ते आनंदाने तिला सामोरे धावले. त्याचे रक्ताने माखलेले तोंड पाहताच तिने पाण्याने भरलेली घागर त्याच्यावर टाकली. मुंगूस गतप्राण झाले. आत जाऊन पाहते, तो बाळ सुखरूप निजलेले, आणि जवळच सापाचे तुकडे पडलेले!

त्या आईने काही खोटे पाहिले काय? मुळीच नाही. रक्त खरे होते, मुंगूसही खरे होते. मात्र रक्ताच्या आधी काय घडले, हे तिने पाहिले नव्हते. ती रिकामी जागा तिने आपल्या जुन्या शंकेने भरून काढली. वाचकाला साप आधीच ठाऊक असतो, म्हणून तो हळहळतो. पण समजा, कथा सांगणाऱ्याने सापाची हकीकत शेवटपर्यंत लपवून ठेवली असती, तर? मग वाचकानेही मनातल्या मनात ती घागर उचललीच असती! घटना त्याच, मुंगूसही तेच. केवळ सांगण्याचा क्रम बदलला असता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. घडण्याचा क्रम एक असतो आणि सांगण्याचा क्रम निराळा असू शकतो. चतुर कथाकार मधूनच आरंभ करतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. अशा वेळी भाषा वाचकाला खुणा देत असते. ‘तत्पूर्वी’, ‘तोवर’, ‘दरम्यान’ हे शब्द त्यासाठीच आहेत. ‘मुंगूस धावले तेव्हा साप मेला’ आणि ‘मुंगूस धावले तेव्हा साप मेला होता’ या दोन वाक्यांत एका ‘होता’ने सारा क्रम पालटतो. व्याकरणातील पूर्ण भूतकाळ पाठ करताना कंटाळणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

एखादी घटना मध्येच घातली, तर माणसाचा स्वभावही बदललेला दिसतो. महाभारतातील दुष्यंताला शकुंतलेची ओळख असते, तरीही भर सभेत तो ती नाकारतो. कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुंतल’ लिहिताना या दोघांच्या विवाहानंतर आणि सभेच्या आधी दुर्वासाचा शाप घातला. खुणेची अंगठीही शचीतीर्थाच्या पाण्यात पडू दिली. त्यामुळे नाटकातील राजा खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच आठवत नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी ज्याचे लक्ष दुसरीकडे गेले, तो प्रेक्षक पाचव्या अंकात त्या राजाला लबाड म्हणून मोकळा होईल.

कथेत जे होते, तेच इतिहासातही होते. ‘नंतर’ घडले म्हणून ते ‘त्यामुळे’ घडले, असे मानण्याची मनाला सवय असते. कधी कधी तर ‘नंतर’ही खरे नसते. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले आणि त्यावरून त्या किल्ल्याला सिंहगड हे नाव मिळाले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. परंतु शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रात या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच आहे. तानाजींच्या पराक्रमाला यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. ते ज्या किल्ल्यासाठी लढले, त्याला लोक त्याआधीच सिंहगड म्हणू लागले होते, एवढेच.